दुसऱ्या खुर्चीवरचं व्हायोलिन

आजच्या या सत्कार-निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वाचनालयाचे आधारवड माननीय केसरीनाथ भोईर साहेब. वसईहून आजच्यासाठी मुद्दाम आलेले, खरं तर गेली तेरा वर्षं दर शनिवार-रविवारी न चुकता येणारे इनास तुस्कानो मास्तर. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेले माझे शाळासोबती आणि जोयाचे वडील अय्यूबभाई बुबेरे. समोर जमलेले आपल्या वळ गावचे ग्रामस्थ, भिवंडीची मित्रमंडळी, पहिल्या रांगेतल्या माताभगिनी, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ती आपली चार लेकरं, जोया, रुचिका, अदनान आणि कुणाल. आपणा सर्वांना मी चांगदेव पाटील, रुचिकाचा बाप, हात जोडून नमस्कार करतो.

घरातून निघताना सौभाग्यवतींनी मला दोन अटी घातल्या. एक, दहा मिनिटांच्या वर बोलायचं नाही. दोन, स्वतःविषयी बोलायचं नाही. कमळ, पहिली अट पाळायचा प्रयत्न करतो. दुसरी आज मोडणार आहे. घरी गेल्यावर काय ते बघून घे.

मंडळी, मंगळवारी दुपारी अदनानचा व्हिसा हातात आला आणि मी हुश्श केलं. तीन आधीच आले होते, चौथा अडकला होता. तुम्ही म्हणाल, अदनानचा व्हिसा अडकला तर चांगदेव पाटलाच्या तोंडचं पाणी का पळावं? कारण जर्मनीतल्या त्या संगीतशाळेनं या पोरांना एकेकटं घेतलेलंच नाही. चौघांना मिळून एक जागा, दोन वर्षांसाठी. एक जण गळला की चौघंही घरी. त्या दिवशी, खोटं नाही सांगत, मी ऑफिसात दार लावून पाच मिनिटं नुसता बसलो. नंतर ड्रायव्हरला पाठवून पेढे मागवले आणि डब्यातले निम्मे मीच संपवले.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे जे वाजवतात त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. म्हणजे खोलीत बसून वाजवायचं संगीत. दोन व्हायोलिन, पहिलं जोयाचं, दुसरं रुचिकाचं; अदनानचा जरा जाड आवाजाचा व्हायोला, कुणालचा खर्जातला चेलो. समोर काठी हलवणारा कुणी नाही, कुणी म्होरक्या नाही. जोया नाकानं एक श्वास घेते आणि त्या श्वासावर चौघं एकदम सुरू होतात. आपल्याकडे चार भाऊ एका बांधावर एकमतानं उभे राहिलेले मी अजून पाहिले नाहीत, म्हणून मला याचं फार अप्रूप. गावानं यांचं नाव चांडाळचौकडी ठेवलं, ते मात्र उगाच नाही. एका ओळीत व्हायोलिनचा गज वरून खाली न्यायचा की खालून वर, यावर मी यांना दीड तास भांडताना पाहिलंय. पेन्सिलीनं खुणा करायच्या, खोडायच्या, परत करायच्या. कुणालच्या खिशात तर पैसे नसतील पण खोडरबर हमखास सापडेल.

आणि ही भांडणं लावून देणारा माणूस हा इथे बसलाय, गरीब चेहरा करून! इनास मास्तरांनी बत्तीस वर्षं मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवलं. पुढे स्टुडिओत एकाच मशीनमधून चाळीस व्हायोलिनं निघायला लागली आणि मास्तर मोकळे झाले. मग वसईहून दिवा स्टेशनला जाणाऱ्या गाडीनं खारबावला उतरायचं, तिथून रिक्षानं वळला यायचं आणि आमच्या शाळेतल्या पोरांना शिकवायचं, असा त्यांनी नेम धरला. सुरुवातीला बावीस पोरं होती. पहिलं वर्षभर नुसता एकेक सूर घासणं चालू होतं, तेव्हा अख्ख्या आळीनं हात टेकले. दुसऱ्या वर्षी बारा उरली. शेवटी चार.

मास्तरांचे दोनच कायदे. शेजाऱ्याला ‘तू चुकलास’ म्हणायचं नाही, ‘पुन्हा एकदा’ म्हणायचं. आणि आपलं वाजवायला घेण्याआधी बाकी तिघांचं तोंडानं म्हणून दाखवायचं. तेरा वर्षं हेच. सकाळी दोन तास एकट्यानं, संध्याकाळी तीन तास मिळून. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात, आणि व्हायोलिन दाबून धरल्यानं मानेवर काळपट डाग उठतो. त्या डागापायी आमच्या घरी काय महाभारत झालं! आमची आक्का, माझी आत्या, एक दिवस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “आरं चांगदेवा, पोरीच्या मानंवं ह्यो डाग कसला हाय? मला काय लक्षन बरं दिसत न्हाय.” मी तिला जोयाची मान दाखवली, तिथंही तसाच डाग. आक्का म्हणाली, “म्हंजे दोघीपन?” शेवटी मास्तरांनी मफलर काढून आपली सत्तरीची मान दाखवली तेव्हा कुठे म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

हसा, हसा. आता हसण्यासारखं नाही ते सांगतो.

सराव करायला शांत जागा हवी होती. शहरात अय्यूबभाईंच्या घराला लागूनच कापडाचे लूम, तिथे दिवसरात्र खडखडाट. म्हणून मी माझ्या एका गोदामाची मागची खोली दिली. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. पण जागा देणाऱ्याच्या डोक्यात हवा जायला वेळ लागत नाही.

मागच्या वर्षी अंबाडीला एका कार्यक्रमात या चौघांनी वाजवलं. सूत्रसंचालकानं नावं पुकारली. आधी जोया, मग रुचिका. हारही त्याच क्रमानं पडले. टाळ्या झाल्या. आमचे सावळाराम शेजारी बसले होते, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ द्या शेठ, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी तुमची पोरगी पुढे येईल.”

सावळाराम, तुम्ही चांगल्या मनानं बोललात. पण ते माझ्या डोक्यात असं बसलं की विचारू नका. जागा माझी, आणि माझीच लेक मागच्या खुर्चीवर? तेरा वर्षं मी गाडीतून नेआण करतोय ते दुसरीच्या मागे मागे वाजवण्यासाठी? दुसऱ्याच दिवशी मी गोदामात गेलो. अय्यूबभाई जोयाला न्यायला आले होते, दारातच उभे होते. त्यांच्यादेखत मी मास्तरांना म्हणालो, “मास्तर, आता परदेशी पाठवायचं रेकॉर्डिंग आहे ना? त्यात रुचिका पहिल्या खुर्चीवर बसेल. आणि हो, एक भाडेकरू या खोलीसाठी मागे लागलाय, मी अजून काही कळवलेलं नाही.”

भाडेकरू वगैरे कुणी नव्हता, मंडळी. मी धमकी दिली. नुसती गोड आवाजात दिली.

मास्तर इतकंच म्हणाले, “पाटीलसाहेब, मी बत्तीस वर्षं तिसऱ्या रांगेत वाजवलं. गाणं तिथून फार छान ऐकू येतं.” मला त्यातलं काही कळलं नाही. रुचिका रडकुंडीला आली होती. तेवढ्यात जोया उठली. पहिल्या खुर्चीवर बसायला ती किती वर्षं घासली होती ते सगळ्यांना माहीत. वीस वर्षांची पोर. म्हणाली, “चाचा, एवढंच ना? रुचिका बसेल इथे.” आपला स्टँड उचलला आणि बाजूला झाली. अय्यूबभाईंनी तिची व्हायोलिनची पेटी उचलली. “चल बेटा,” म्हणाले आणि गेले.

त्या रात्री जेवताना रुचिका मला म्हणाली, “बाबा, तुम्ही मला पुढे बसवलंत आणि माझं काम काढून घेतलंत.” मी म्हटलं, लहान आहे, पुढे कळेल. कळायचं होतं मला.

रेकॉर्डिंग गेलं. जानेवारीत उत्तर आलं, प्रतीक्षायादीत ठेवलंय. फेब्रुवारीत त्यांचे परीक्षक मुंबईत येणार होते, हवं तर समोर येऊन वाजवा. त्या पत्रात एक वाक्य होतं, ते मी रुचिकाकडून मराठीत करून घेतलं. ‘आम्हाला चार चांगले वादक ऐकू आले. चौकडी ऐकू आली नाही.’

मी भडकलो. म्हटलं, यात राजकारण आहे! मास्तर शांतपणे म्हणाले, “साहेब, पाच मिनिटं बसता का?” त्यांनी पोरींना जुन्या जागी बसवलं आणि मला सांगितलं, फक्त रुचिकाला ऐका. तेरा वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं. मी ऐकायला लागलो. आधी तर मला ती सापडेचना! वरची ती चमकदार तान जोयाची, खालचा तो खर्ज कुणालचा. माझी पोर कुठाय? हळूहळू कानाला लागली. मधे बारीक बारीक काहीतरी विणत होती, जोयाला खालून धरत होती, अदनानला वर ओढत होती. तेवढ्यात मास्तरांनी बोट वर केलं आणि रुचिका थांबली. बाकी तिघं वाजवतच होते. आणि काय सांगू तुम्हाला, मांडवाचा मधला खांब काढल्यासारखं झालं. जोया तेच वाजवत होती, तितकंच सुरेख, पण एकाकी वाटायला लागली. मास्तरांनी पुन्हा खूण केली, रुचिका आत शिरली, आणि सगळं जागच्या जागी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी काय करते ते मला तेरा वर्षांनी कळलं. आणि जे तिच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नव्हतं, त्यावरूनच मी तिला उठवलं होतं.

“बसा तुम्ही जशा होतात तशा,” एवढंच म्हणून मी बाहेर पडलो. शाब्बास चांगदेव पाटील! खुर्ची परत दिली, पण जोयाला एक शब्द म्हणालो नाही. अय्यूबकडे गेलो नाही. मान ताठ ठेवायची सवय, दुसरं काय.

फेब्रुवारीत मुंबईला गेलो. आत पोरं वाजवत होती, बाहेर बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला अय्यूब. चौथीपासून आम्ही एका बाकावर बसतोय, पण इतकं अंतर ठेवून कधी बसलो नव्हतो. नऊ दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की तिसऱ्या भागात एका जागी पहिलं व्हायोलिन अर्धी मात्रा आधी आलं, दुसऱ्या व्हायोलिननं क्षणात त्याच्यासोबत उडी घेतली, त्यांच्यामागे बाकी दोघं, आणि त्या जागी आम्ही निर्णय घेतला.

हे पत्र गोदामात सगळ्यांसमोर कुणी वाचलं असेल? जोयानं. आपली चूक आपल्याच तोंडानं वाचली आणि हसत हसत मला म्हणाली, “चाचा, मी गडबडले होते. रुचिकानं सांभाळलं म्हणून वाचलो.” ना लाज, ना आढेवेढे. मी तिथे पन्नाशी उलटलेला माणूस, तिच्यासमोर उभा. तोंड उघडलं आणि काय म्हणालो? “चला, पेढे घ्या.”

मग ईद आली. तीस वर्षं अय्यूब स्वतः शीरखुर्मा घेऊन येतो आणि माझ्या ओट्यावर बसून निम्मा स्वतःच खातो. यंदाही डबा आला, पण त्याच्या ड्रायव्हरच्या हाती. कमळनं वाटी समोर ठेवली. मी ती तशीच झाकून ठेवली. निवड झाली होती, व्हिसाची तयारी चालली होती, सगळं मनासारखं झालं होतं, आणि तरी सुटल्यासारखं काही वाटेना.

असो. अध्यक्षमहोदय घड्याळ बघताहेत, तेव्हा आवरतं घेतो. संयोजकांचे आभार, वाचनालयानं सभागृह दिलं त्यांचे आभार. मास्तर, तुमचे आभार मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत. पोरं चालली म्हणून तुम्ही यायचं थांबणार असाल तर ते जमणार नाही. मागची खोली तुमची आहे. तिला कुणी भाडेकरू मिळणार नाही, आणि हे मी चारशे माणसांसमोर बोललोय. रुचिका, बाळा, तुझ्या जागेवर सुखानं बस. बाप समोर बसून तुलाच ऐकणार.

भाषणाच्या शेवटी काही उणंदुणं झालं असल्यास पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. मी गेल्या पंचवीस वर्षांत शे-दोनशे भाषणं ठोकली असतील आणि दर वेळी हे वाक्य म्हटलंय. मनापासून एकदाही नाही. आज मनापासून म्हणतो.

जोया, बेटा, मी तुला तुझ्या जागेवरून उठवलं. ते चुकलं. गावासमोर तुझी माफी मागतो. नाही नाही, मान हलवू नकोस, मला बोलू दे, परत हिंमत व्हायची नाही. आणि अय्यूब, तुझ्या लेकीला तुझ्या डोळ्यांदेखत उठवलं मी. तू त्या दिवशी मला चार शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं रे. माफ कर मला.

अरे, तू कशाला उठतोस? बस की... अरे, अय्यूब, हे काय, लोक बघताहेत... बरं ये. ये बाबा.

तो माईक बंद करा रे कुणीतरी.