बाबांची जाळी

व्हरमाँटमधला मार्च, मेपलच्या झाडांना रस सुटलेला आणि वेल्डिंगच्या दुकानात रांग. माझ्यापुढच्या माणसाच्या हातात रस आटवायच्या भट्टीची जाळी होती, तापून झोळीसारखी वाकलेली. त्याच्यापुढची बाई मागे वळली.

"काय ऑल्डन भावजी, पुन्हा?"

"लोखंडच भिकार आहे, व्हर्ना वहिनी. आजकाल सगळा कचरा विकतात."

"मागच्या खेपेला तर रेल्वेचे रूळ कापून घातले होते ना?"

"तेही वाकले."

"आगगाडीला नाही वाकले, तुमच्यापुढे वाकले. जाळीखालची राख कधी काढता?"

"हंगाम संपला की. इथे रसाची पिंपं भरून वाहतायत. राख उपसत बसायला वेळ कुणाला आहे?"

"म्हणजे राख पार जाळीला टेकत असेल. खालून वाराच नाही, तर लोखंड गार राहणार कसं? उद्या तोफ वितळवून जाळी केलीत तरी तिची हीच गत होईल."

"वारा म्हणे. आमच्या बाबांची जाळी साधी बिडाची होती. मी शाळेत जायच्या आधीपासून ते माझं लग्न होईपर्यंत टिकली. बाबांना लोखंडाची पारख होती."

"आणि राख कोण काढायचं?"

"आई. रोज सकाळी, भट्टी पेटवायच्या आधी."

"मग?"

"मग काय? तिला लोखंडातलं काय कळायचं?"