प्रज्ञाचा हॅशटॅग

आमच्या निगडीच्या प्रज्ञाला मानलं पाहिजे, राव. आयटीतली नोकरी सोडून ती घरी केक करायला लागली. केक सुरेख, पण गिऱ्हाईक येईना. प्रत्येक फोटोखाली ती #केक, #यम्मी, #लव्ह असे ढीगभर हॅशटॅग टाकायची. एकदा वैतागून म्हणाली, "ब्राझीलमधून फोटोला लाल बदाम येतात, पण भोसरीतून एक फोन येत नाही!" पुन्हा नोकरी बघायचं तिच्या मनात घोळत होतं.

तेवढ्यात तिचे वडील कंपनीतून रिटायर झाले. तिने त्यांच्यासाठी पिवळ्या हेल्मेटचा केक केला आणि फोटोखाली दोनच हॅशटॅग लिहिले, #शेवटचीशिफ्ट आणि #पिंपरीचिंचवड. झालं! वडिलांच्या दोस्तांनी आपापले निरोपाचे फोटो त्याच हॅशटॅगने टाकले. कुणी हार घातलेला, कुणी गेटपाशी डोळे पुसणारा. मग ज्याच्या घरी कुणी रिटायर होणार, तो शोधत शोधत प्रज्ञाच्या केकपर्यंत यायला लागला.

परवा मी तिच्याकडे असताना चाकणहून एका बाईंचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"शेवटच्या शिफ्टचा केक हवाय, सासूबाईंसाठी."

"कुठल्या कंपनीत होत्या?" प्रज्ञाने विचारलं.

"कंपनी कसली हो! जन्मभर आम्हाला रांधून वाढलं त्यांनी. उद्यापासून स्वयंपाक बंद, मीच सांगितलंय."

प्रज्ञाने ऑर्डरची वही पुढे ओढली. मग हळूच म्हणाली, "केकवर काय काढू?"

तिकडे फोन सासूबाईंनीच हिसकावून घेतला.

"पोळपाट-लाटणं काढ गं पोरी. आन् त्याला कुलूप घाल!"