फेससुद्धा न्हाय

(कोल्हापूर, गंगावेशीतला दूधकट्टा. सांजवेळ. गणपतराव गवळी म्हशीची धार काढतायत. बायको तानाबाई बाजूला बसलीय.)

शिवानंद : अरे, चरवी भरली की! वत आता. किती वेळ ग्लास धरून उभा हाय मी.

गणपतराव : ग्लास खाली ठेव, शिवा. तुला न्हाय.

शिवानंद : न्हाय म्हंजे? माज्या मागनं आलेल्या पोरांना पाजलंस की!

गणपतराव : तालमीतली पोरं हायत ती. तू आठवडाभर कुठं गेलतास?

शिवानंद : मघाशी सांगिटलं की. नरसोबाच्या वाडीला.

गणपतराव : गळ्यातल्या लिंगावर हात ठेव, आन् परत सांग.

शिवानंद : गणपा...

गणपतराव : ठेव की! आता का हात वर यीना?

शिवानंद : कुणी सांगिटलं तुला?

गणपतराव : तुज्या सुनंनं. तू दिसंनास म्हणून शाहूपुरीत तुज्या गुळाच्या दुकानात गेलतो. पवित्रा एकटीच बसलेली, डोळं सुजल्यालं. म्हणली, काका, मामंजींना ॲटॅक आलता, दवाखान्यात हायत. आरं, आख्ख्या पेठंला ठावं, आन् मला वाडीची थाप?

शिवानंद : तुला सांगिटलं असतं, तर दूध दिलं असतंस?

गणपतराव : न्हाय.

शिवानंद : म्हणूनच न्हाय सांगिटलं.

गणपतराव : वा रं शाण्या! काय म्हणला डाक्टर?

शिवानंद : डोस्कं फिरलंय त्याचं. दूध, दही, लोणी, तूप सगळं बंद म्हणतोय. जनावराचं काय बी नको. भाकरी, उसळ, पालेभाजी, फळं, तेल बेतानं. मी म्हटलं, डॉक्टर, सात पिढ्यांत आमच्या घरात अंडं शिजलं न्हाय. दूध काय मटण हाय व्हय?

गणपतराव : मग?

शिवानंद : म्हणला, साय कुठनं येती? तूप कुठनं येतं? त्याच म्हशीतनं की! आता तूच सांग गणपा, दर रविवारी तांबडा रस्सा तू वरपायचा, आन् ॲटॅक मला?

गणपतराव : माजा बी यील. आधी तुजं निस्तरू दे.

शिवानंद : निम्मा दे. बरं, वरचा फेस तरी दे.

गणपतराव : फेससुद्धा न्हाय.

शिवानंद : अय्यो! गवळी असून दुधाला न्हाय म्हणतोस?

गणपतराव : व्हय, म्हणतोय! उद्या तुला काय झालं, तर ह्या म्हशीच्या कासंला हात कसा लावू मी? सांग की. ह्या हातानं रोज पाजलंय तुला.

तानाबाई : आवो, वरडू नका. तेंच्या छातीला सोसायचं न्हाय. शिवाभावजी, बसा हितं. ह्यो पेला धरा.

शिवानंद : काय हाय वैनी?

तानाबाई : हुलग्याचं माडगं. गूळ तुमच्याच दुकानातला. लोक वरनं दूध घालत्यात, मी न्हाय घातलं.

शिवानंद : आजाऱ्याचं खाणं ह्ये. आन् दूधकट्ट्यावर बसून माडगं पिऊ? लोक हसतील.

तानाबाई : हसतील तर आधी ह्येंना हसतील. बघा, ह्येंच्या बी हातात तेच हाय. दुपारीच म्हणलं मला, दोन पेलं आण, शिवा एकटा पिणार न्हाय.

शिवानंद : गणपा, ॲटॅकला मी भ्यालो न्हाय बघ. दूध बंद म्हटल्यावर भ्यालो.

गणपतराव : एवढं काय हाय रं त्या दुधात?

शिवानंद : दुधात न्हाय रं. दूधच न्हाय, तर रोज सांजचं हितं यायला तोंड कुठलं? गिऱ्हाइकांच्या गर्दीत नुसता उभा राहू?

गणपतराव : खुळा का काय तू? धार काढताना माजं लक्ष सारखं रस्त्याला असतंय, ते काय गिऱ्हाइकासाठी व्हय? आठवडाभर तू न्हाय आलास, तर म्हशीनं दोनदा लाथ मारली मला. ध्यानच नव्हतं.

तानाबाई : पुसा डोळं दोघं बी. प्या. निवलं की घट्ट होतंय त्ये.

गणपतराव : कसं झालंय, शिवा?

शिवानंद : वैनी, उद्या गूळ जरा कमी घाला.