सत्तर टक्के फुफ्फुसं आणि सहा जिने

आणि वर म्हणतात, ‘शांताराम, आता आराम कर!’ आराम? करोना जाऊन आठ महिने झाले, तुम्हाला सांगतो, पण जाताना मेला खोकला इथंच ठेवून गेला. हा शांताराम घाडी, देवगडचा, मस्कतमध्ये एकोणीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक, आणि आता बुटाची नाडी बांधायला वाकला तरी धाप! पण ऐकेल तर शपथ. छातीवर हात मारून म्हणतो, ‘दम लागतो, म्हणून काय माझ्यात दम नाही?’

कंपनीने तपासणीला धाडला. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर ती टेक्निशियनबाई ओरडतेय, ‘फूँको, फूँको, छोड़ना नहीं, और, और, औऽऽर!’ अहो, तपासणी चाललीय की बाळंतपण? शांतारामच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि कागदावर काय आलं? फुफ्फुसांची ताकद सत्तर टक्के! सुपरवायझर नुमानसाहेबांनी कागद बघितला. ‘साइट का काम खलास, शांताराम. अगले महीने गाँव जाओ, समुंदर की हवा खाओ.’ का हो, मस्कतला समुद्र नाही? आणि शाळेत पस्तीस टक्क्यांना पास करतात, इथं सत्तरला नापास?

पुढच्याच आठवड्यात काय व्हावं... जून महिना, भर दुपार, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मस्कतच्या रुवी भागात शांताराम राहतो त्याच बिल्डिंगची लिफ्ट पाचव्या-सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत कोण? वरच्या मजल्यावरच्या, मूळच्या श्रीवर्धनच्या सकिनाचाची! वय बहात्तर, डायबिटीस, पिशवीत दोन किलो सुरमई, आणि पंखा बंद! वॉचमन जुनैद धावत दुसऱ्या मजल्यावर शांतारामच्या दारात. शांतारामने सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे तिथल्या बंबवाल्यांना कळवलं, पण त्यांनाही यायला वेळ; मग कंपनीला फोन लावला. नुमानसाहेब म्हणतात, ‘लड़के उधर सूर शहर गए हैं, दो घंटे लगेंगे, इन्शाल्ला!’ दोन तास? तोवर सुरमई शिजेल, आणि चाचीचं काय?

मशीनरूम सातव्या मजल्याच्या वर, गच्चीवर. म्हणजे दुसऱ्यापासून सहा जिने! ‘अंकल, मैं उठा के ले चलूँ?’ जुनैदने विचारलं. ‘टूलबॅग उचल, मला नको!’ आणि निघाला की हा. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. गरम चहा फुंकावा तसे ओठ गोल करून हळूऽऽ श्वास सोडायचा, फिजिओने शिकवलेलं. चौथ्यापर्यंत निभावलं. पाचव्यावर मात्र छातीला कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं झालं, पायरीवरच बसला, आणि तो खोकला... डोळ्यांतून पाणी! खरं सांगू? तेव्हा घाबरला तो. इथं आपणच आडवे झालो तर?

तेवढ्यात लिफ्टमधून आवाज, बारीकसा. ‘हा खोकला शांतारामचा ना? मग आता मला भीती नाही.’

संपलं! असं कुणी बोलल्यावर माणूस बसेल? भिंत धरून उठला. ‘चाची, मागच्या भिंतीला टेकून खाली बसा, दाराला हात लावू नका.’

‘अरे, पण तू धापा टाकतोयस!’

‘दम लागतो, म्हणून काय माझ्यात दम नाही?’ एवढं वाक्य, पण तीन हप्त्यांत म्हटलं बिचाऱ्याने.

गच्ची गाठायला पंचवीस मिनिटं लागली. मेन स्विच बंद केला, ब्रेकचा दांडा शांतारामने धरला, चाक जुनैदने. ‘यल्ला, चल, हळू... हळू रे...’ इंच इंच करत लिफ्ट पाचव्याला लागली. जुनैद चावी घेऊन खाली पळाला, दार उघडलं. चाची घामाने चिंब, पण स्वतःच्या पायांवर बाहेर! सिव्हिल डिफेन्सवाले पोचले, चाचींना तपासलं, ठीक. मग गच्चीवर गेले आणि ऑक्सिजनचा मास्क लावला, कुणाला? शांतारामला! मास्कच्या आतूनही काहीतरी पुटपुटत होता. काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि चाचीने कंपनीला असा फोन केला म्हणता! ‘त्याला गावी पाठवाल, तर आधी माझ्याशी गाठ आहे!’ नुमानसाहेब नरमले. तिकीट रद्द. साइट बंद ती बंदच, पण नोकरी राहिली. नव्या ऑफिसात खुर्ची, एसी, पोरांना शिकवायचं काम. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून शांताराम तिथं पोचला. बघतो तर ऑफिस तिसऱ्या मजल्यावर... बरं, असू दे. वॉचमनला विचारलं, ‘भाई, लिफ्ट किधर है?’

वॉचमन हसला.

लिफ्टवाल्यांचं ऑफिस, तुम्हाला सांगतो, आणि बिल्डिंगला लिफ्टच नाही! करतो काय? ओठ गोल केले, आणि लागला चढायला.