राहेलमावशीची चार अक्षरं

मंडळी, एक सवाल टाकतो. देवाच्या दयेला फाटक आहे का? नाही? वा! सगळ्यांच्या माना हलल्या! मग त्या फाटकाची कडी आपल्या हातात आली कुठून? ऐका!

दया तुझी प्रभू सागरापरी,
आम्हीच बसलो फाटकावरी!

काटवण गावच्या ख्रिस्ती मंडळीत जनार्दनराव भिंगारदिवे नावाचे वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, होते. शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेला फळ्यावर नावं लिहायचा मान त्यांचा. ज्याच्यासाठी प्रार्थना, त्याचं नाव लिहायचं. देवानं ऐकलं की पुसायचं. "यंदा ब्याऐंशी पुसली!" सांगताना मान अशी ताठ! पण नावं कसली? कुणाला सर्दी, कुणाला उचकी! अहो, उचकी तर जनार्दनरावांची प्रार्थना संपायच्या आतच थांबायची — वीस मिनिटं चालायची ती!

आणि शेवटच्या सतरंजीवर देऊळ — आपलं चर्च हो — झाडणारी राहेलमावशी. तिचं दर शुक्रवारी एकच — "जनूभाऊ, सुधाकरचं नाव लिवा."

सुधाकर कोण? जनार्दनरावांचा सख्खा धाकटा भाऊ! मावशीच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्यानं मंडळीबाहेरची मुलगी केली अन् दौंडला राहायला गेला. पुढं बाप वारला. सुधाकर मूठभर माती द्यायला धावत आला — तर थोरल्यानं दफनभूमीच्या फाटकाला आतून कडी घातली!

"मावशे, हा फळा मंडळीच्या माणसांचा."

"देवाचा हाय म्हनत होते पाळकसायेब."

"जागा नाही फळ्यावर!"

"बरं. म्होरल्या शुक्रवारी ईचारते."

किती शुक्रवार? अकरा वर्षांचे! पाचशेच्या वर! म्हातारी एकदा चुकली नाही, एकदा चिडली नाही. तुम्ही-आम्ही तिसऱ्या शुक्रवारी देवाशी बोलणं टाकलं असतं!

एके दिवशी जनार्दनराव मोरीत घसरले. उजवा हात प्लास्टरमध्ये. शुक्रवारी फळा कोरा! "खडू कोण घेतंय?" त्यांनी विचारलं. मावशी उठली.

"मावशे, तुला कुठं लिहिता येतं?"

"चारच अक्षरं येत्यात."

अंगणवाडीच्या बाईंकडून शिकली होती हो! हिवाळाभर चुलीपुढं कोळशानं गिरवली होती. कर्र-कर्र खडू वाजला. सु... धा... क... र! एकेक अक्षर भोपळ्याएवढं! या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता मात्र फळ्यावर खरंच जागा उरली नाही!

जनार्दनराव बघत राहिले. हे नाव अकरा वर्षांत त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. धाकट्याला पाटीवर पहिल्यांदा हेच नाव गिरवायला शिकवलं होतं कुणी? यांनीच! हात धरून!

"करा की प्रार्थना," मावशी म्हणाली.

वीस मिनिटांचा माणूस! पण एक स्तोत्र आठवेना, एक वचन आठवेना. ताठ मान खाली गेली. "प्रभू... फाटक मी लावलं." बस! एवढंच! सगळ्यांच्या आधी मावशीचं आमेन आलं.

दुसऱ्या सकाळी दौंडची एसटी. सुधाकरनं दार उघडलं. थोरल्यानं क्षमेचं सगळं भाषण पाठ केलेलं — अन् धाकटा म्हणतो काय? "दादा! हाताला काय झालं?" अकरा वर्षांनी पहिला शब्द हा! आतून बायकोला हाक — "अगं, दादा आलेत, चहा टाक!"

पुढच्या शुक्रवारी सुधाकर बायकोसकट सतरंजीवर होता. जनार्दनरावांनी डाव्या हातानं पुसणं उचललं अन् पुन्हा खाली ठेवलं. "हे नाव राहू द्या," म्हणाले. "ब्याऐंशी पुसल्याची ऐट मिरवली. आता हे एक न पुसल्याची मिरवीन." मावशी बसली होती कशी? राणीसारखी! अन् का बसू नये?

आता तुमच्याकडं वळतो. चपला शोधू नका, बसा! तुमच्या घरातलं कुठलं नाव फळ्यावर चढत नाही? भाऊ? सून? शेजारी? देवाला उशीर होतोय म्हणता — अहो, तो केव्हाचा फाटकाबाहेर उभा आहे, त्याच माणसाचा हात धरून!

झांज थांबवा. ते नाव घ्या, मनातल्या मनात. जड जातंय? जाऊ द्या. घेतलं?

म्हणा आता आमेन!