मनवाच्या बागेतली आईची फुलं

बसा, बसा. मागं खांबाला टेकलेले बाप्ये जरा पुढं सरका. देव इकडं समोर आहे, खांबात नाही. पांडुरंगाचं नाव ओठांवर राहू द्या आणि कान तेवढे माझ्याकडं द्या.

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न सोपा आहे. लेकराच्या हातात आपण चांगली वस्तू देतो. चांगलं खेळणं, चांगलं पुस्तक, आता मोबाईलवरचा चांगला धडा. ती निवडताना आपले डोळे कुणाकडं असतात? आपल्या लेकराकडं — का शेजारच्या?

हसू नका! सहा वैऱ्यांत शेवटचा मत्सर. क्रोध आला की आरडाओरडा होतो, गावाला कळतं. मत्सर आला तर कळतं का? तो गोड हसतो आणि विचारतो, "तुमच्या बाळाला किती मार्क पडले हो?" आज सकाळीच मला कुणीतरी सांगितलं, "महाराज, खालच्या वाडीत दुसरे महाराज आलेत, तिथं मंडपात कूलर लावलेत." मी म्हटलं, आनंद आहे. — विणेकरी बघा खाली बघायला लागले. त्यांनीच सांगितलं.

तर आख्यान असं. धरणाच्या पायथ्याला पाटबंधारेवाल्यांची वसाहत. एकाला एक लागून घरं, पुढं सगळ्यांची मिळून एक ओटी. एका घरात वृषाली, तिचा नवरा अविनाश आणि साडेचार वर्षांची लेक मनवा. भिंतीपलीकडं शुभदा आणि तिचा मुलगा रेयांश. नाव नीट घ्या हं, आजकाल नावं घेता घेता आमची कवळी बाहेर येते.

दोन्ही पोरं वसाहतीतल्याच बालवाडीत. तिथल्या सुनंदाबाई शहाण्या. त्यांनी आईबापांना बोलावून सांगितलं, "मोबाईल तर तुम्ही देणारच. मग निवडून द्या. ज्यात भडक आरडाओरडा आहे, मध्येच जाहिराती घुसतात, एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, ते नको. संथ असेल ते बघा. आणि पोराशेजारी बसा." मग त्यांनी एक खेळ सुचवला. अंकबाग त्याचं नाव. झाडावर चिमण्या येतात, पोरानं मोजायच्या, बरोबर आलं की बागेत एक फूल उमलतं. वर्गातल्या सगळ्या पोरांच्या बागा एकाच पडद्यावर दिसायच्या.

झालं! देवानं बाग दिली आणि माणसानं कुंपणावरून शेजारी डोकावून बघितलं.

रेयांशची बाग भरली. मनवाच्या बागेत फुलं मोजकी. का? अहो, ती पोर चिमण्या नुसत्या मोजून थांबायची नाही. "आई, ही मोठी चिमणी आजी आहे. ही रुसलीय, म्हणून लांब बसलीय. हिला भूक लागलीय का गं?" एका झाडावर तिची संध्याकाळ जायची. पण मोजायची अगदी बरोबर! घरात पोळ्या मोजायची, दारातल्या चपला मोजायची, बाबांच्या शर्टाची बटणं मोजायची.

वृषालीला हे दिसत होतं का? नव्हतं दिसत. तिला ओटीवर बसलेली शुभदा दिसत होती. लेकाला शेजारी घेऊन, चिंचोके मांडून, शांतपणे शिकवणारी शुभदा. बरं, ती बाई कधी बढाई मारायची नाही. हेच तर खुपत होतं! तिनं एकदा तरी नाक वर केलं असतं तर भांडता आलं असतं. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? वृषाली दाराआडून त्या चिंचोक्यांचा आवाज ऐकायची आणि हातातलं भांडं आपटायची.

आणि रात्री भाजी वाढताना म्हणायची, "त्या रेयांशला बघ. आज पुन्हा फुलं मिळाली त्याला." मनवा ऐकायची. पोरं सगळं ऐकतात, माउल्यांनो.

एका दुपारी मनवा झोपली होती. वृषालीनं मोबाईल घेतला, अंकबाग उघडली आणि पटापटा चिमण्या मोजायला लागली. बी.कॉम. झालेली बाई! चिमण्या मोजतेय! फूल, फूल, फूल... नवरा जेवायला आला.

"मनवा झोपलीय ना? मग हा चिवचिवाट कसला?"

"अपडेट होतंय."

संध्याकाळी शुभदा ओटीवरून म्हणाली, "वृषालीताई, मनवाची बाग किती छान फुललीय हो." मनापासून म्हणाली. मंडळी, त्या दिवशी वृषालीला अळणी आमटीसुद्धा गोड लागली. मग काय, चटकच लागली. रेयांशचं एक फूल वाढलं की हिची दोन. डाळ करपली, धुणं तसंच राहिलं, पण बाग डोलतेय!

आता गंमत ऐका. तो खेळ प्रामाणिक होता. पोराला जेवढं येतं, त्याच्या पुढचं तो द्यायचा. त्याला काय माहीत मागं कोण बसलंय? तो समजला, मनवाला मोजता येतं, बेरीज येते, हातचाही येतो. पोरीनं संध्याकाळी उघडला तर चिमण्या गेलेल्या. नुसते आकडे, एकाखाली एक.

"आई, आजी चिमणी कुठं गेली?"

"आता तू मोठी झालीस ना, आता आकडे. कर बघू."

पोरीनं बोट लावलं. चुकलं. आतून गोड आवाज आला, पुन्हा प्रयत्न कर. पुन्हा चुकलं. पुन्हा तोच गोड आवाज. चार दिवसांत त्या पोरीनं मोबाईल मागायचा सोडला. मग पोळ्या मोजायच्या सोडल्या. बाबांनी मुद्दाम शर्ट पुढं केला, "किती गं बटणं?" तर म्हणाली, "मला नाही येत," आणि तोंड फिरवलं. जे येत होतं, तेही गेलं. अविनाश काळजीत पडला. वृषाली? तिच्या आत कुठंतरी टोचलं, पण पडद्यावर लेकीचं नाव सगळ्यांच्या वर होतं. ते नाव तिला सोडवेना.

मग बालवाडीत पालकांची सभा भरली. सुनंदाबाई कौतुकानं म्हणाल्या, "मनवा सगळ्यांच्या पुढं आहे. ये गं, माझ्या हातातल्या बांगड्या मोजून दाखव."

मनवा उठली. बांगड्यांकडं बघितलं, हात पाठीमागं नेले. सगळी सभा बघतेय. रेयांश गुणी पोर, त्याला तिची दया आली. तो जवळ जाऊन कानात म्हणाला, "सात." तशी मनवानं त्याला ढकललं. पोर जमिनीवर आदळलं. आणि ती त्याला म्हणाली, मंडळी, भरल्या सभेत म्हणाली, "तू नको सांगू. तुला फुलं मिळाली की माझी आई रागावते."

शुभदानं लेकाला उचललं आणि वृषालीकडं फक्त बघितलं.

आता सांगा, बाया हो, वृषालीनं काय करावं? "पोर काहीही बोलतं," म्हणून हसून न्यावं? जमलं असतं. इभ्रत राहिली असती. आणि साडेचार वर्षांची पोर जन्मभर समजली असती, मी ढ आहे आणि रेयांश वाईट आहे.

वृषाली उभी राहिली. म्हणाली, "बाई, ती फुलं मनवाची नाहीत. दुपारी ती झोपली की मी लावत होते. मला शुभदाच्या रेयांशचं बघवत नव्हतं."

बाई हळूच म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरू करता येईल. पण बाग सगळी पुसावी लागेल. सगळ्यांना मोकळी दिसेल."

"पुसा."

त्या संध्याकाळी ती लेकीला घेऊन ओटीवर बसली. उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. पलीकडं शुभदाचं दार लोटलेलं होतं. ते लगेच उघडलं असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू? आणि वृषालीची जळजळ त्या दिवशी विझली, असंही नाही. तिची नजर दोनदा त्या दाराकडं गेलीच.

पडद्यावर झाड आलं, चिमण्या आल्या. मनवानं मोबाईल आईकडं सरकवला. "तूच कर. तुला येतं."

वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला नाही गं येत. मला फक्त आकडा येतो. यातली आजी कोणती, ते मला कळत नाही. तू सांग ना."

पोरीनं मोबाईल परत आपल्याकडं ओढला. मग बोट पुढं आलं. "ही आजी. एक. ही रुसलेली. दोन..."

मृदंग जरा थांबवा, बुवा. आता हे आख्यान तुमच्यावर आलं. चांगलं ते जरूर निवडा, पारखून निवडा, पण ज्याच्यासाठी निवडताय त्याच्याशेजारी बसा. नाहीतर देवाघरचं अमृत आणून दिलंत तरी ते शेजाऱ्याच्या वाटीशी मापत बसाल.

मी आत्ता शेजारच्या पोराचे मार्क विचारले, तर निम्मा मंडप हात वर करेल. ते नाही विचारत. तुमचं लेकरू आज संध्याकाळी कशाला हसलं, तेवढं सांगा.

सांगा की. मी थांबलोय.