उकळून गार केलेलं पाणी

सभेचे अध्यक्ष, पंचायत समितीहून तकलीफ घेऊन आलेले साहेब, आमच्या तांड्याचे नायक भीमसिंगदादा, शाळेचे रामजी गुरुजी, वर बसलेल्या सगळ्या थोर मंडळींना माझा रामराम. खाली सतरंजीवर बसलेल्या आयाबायांनो, बापूंनो, लेकरांनो, तुमालाबी. आन जिच्यासाठी हा मांडव घातला त्या आमच्या नर्सबाई पंचफुलाबाई, तुमचं नाव शेवटी घेतलं म्हणून रागावू नका. तुमचं नाव आधी घेतलं असतं तर तुमचंच सांगत बसले असते, मग मोठ्या लोकांची नावं राहून गेली असती.

मी रूपाबाई. शाळा दुसरीपर्यंत. हे मीच लिहून आणलंय, गुरुजींनी वेलांट्या तेवढ्या सुधरल्या. ए पोरांनो, भोंग्यापाशी कालवा करू नका, मला एकदाच बोलायचं हाय.

आत्ता साहेब फार छान बोलले. बाईंची कुरुंद्याला बदली झाली, त्यांनी किती सुया टोचल्या, किती बाळंतपणं केली, सगळं सांगितलं. आन म्हणाले, संकटात देवावर भरवसा ठेवला की देव धावून येतो. साहेब, तुमचा मान ठेवून सांगते, माझ्याकडं न्हाई आला धावून. मी पदर पसरून बसले होते, तरी न्हाई आला. आन तरीबी माझा भरवसा हाय. तो कसा काय राहिला, हे मला बाईंच्या तोंडावर एकदा सांगायचंय. त्या गेल्यावर कुणाला सांगू?

बहात्तरचं दुष्काळाचं साल तुमाला सांगायला नको. रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी कुणाच्या घशातून सुखानं उतरल्या? आमी समद्या सडकेवर खडी फोडून राहिलो होतो. श्रावण आला, पण नदीत वाळूच. दर श्रावणात तांड्यातल्या कुवार पोरी टोपल्यांत माती घालून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात. ती आमची तीज, साहेब. नायकानं हुकूम दिल्याबिगर ती पेरत न्हाईत. त्या वर्षी दादांनी साफ सांगितलं, "प्यायला न्हाई, गव्हाला कुठलं पाणी?"

माझी मोतीबाई उभी राहिली. तिचं लगीन ठरलं होतं, म्हणजे कुवारपणाची ती शेवटची तीज. नायकापुढं कुणी पोरगी बोलत न्हाई. ही बोलली. "काका, दरसाल पेरतो आन औंदा न्हाई पेरलं, तर देवाला वाटंल या लोकांनीच आशा सोडली. मग तो तरी काहून येईल?"

दादा हसले. म्हणाले, "पेरा. पण जिनं तिनं आपल्या प्यायच्या पाण्यातलं घालायचं."

तशी तीज पेरली. पोरी अर्धा तांब्या पीत आन अर्धा टोपलीला घालत. कोंब वर आले, आन त्याच हप्त्यात तांड्यात जुलाब-उलट्यांची पटकी शिरली.

पंचफुलाबाई साखऱ्याकडून चालत आल्या. तवा अंगानं काडीसारख्या, नवी नोकरी. आल्या आल्या चुली पेटवायला लावल्या, नदीतल्या झिऱ्याचं पाणी उकळा, गार करा, मगच प्या. मिराकाकी बसलीय ना तिकडं, ती म्हणाली होती, "जन्मभर थंड पाणी पेलो, आता पाण्याचाबी चहा करून पाजते ही बाई!" हसू नका, काकी जगली ती त्या पाण्यानंच.

माझी मोती न्हाई जगली. तिला सगळ्यात आधी धरलं होतं. बैल चाऱ्याच्या छावणीत होते, गाडी जुंपता येईना. चौघांनी खाटेवर घालून कळमनुरीच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. बाईंनी नाडी धरली, बराच वेळ धरली, आन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, वाटेत टिकायची न्हाई. इथंच असू द्या, मी बसते." खोटी आशा न्हाई दाखवली. तवा मला फार राग आला होता. आता वाटतं, तेवढं तरी कुणी खरं बोललं.

मी आमच्या देवाच्या, सेवाभायाच्या देवळात गेले. डोकं टेकलं. म्हटलं, दुसरं काही मागत न्हाई, पाऊस नको, धान्य नको, हिला ठेव.

परत आले तर पोरगी बाईंशी बोलून राहिली होती. आवाज पार खोल गेलेला.

"बाई, तुमचं लगीन झालंय का?"

"न्हाई गं."

"मग माझ्या टोपलीला पाणी घाला. याडीला चालत न्हाई, आई हाय ती, लगीन झालेली. सुकू देऊ नका."

बाईंनी भांड्यातलं पाणी घेतलं आन टोपलीला घातलं. तेच, उकळून गार केलेलं. मिराकाकी दारातून म्हणाली, "अगं बाई, आता गव्हालाबी जुलाब होतात व्हय?" लगेच दुसरी कुणीतरी पुटपुटली, "ती आपल्या गोताची न्हाई, तिच्या हातचं पाणी तीजेला चालतं का?"

मोतीनं डोळेबी उघडले न्हाईत. "कुवार हाय ना? मग झालं."

तिचं शेवटचं बोलणं तेच. देवाचं नाव न्हाई, माझं न्हाई. तीजेचं.

कुवार पोर म्हणून माती दिली. आमी परत आलो. तांड्यात मयत झाली की तीज मोडायची, असा आमचा रिवाज. दादांनी पोरींना सांगितलं, टोपल्या बाहेर काढा. पोरी रडत रडत काढायला लागल्या. मीबी माझ्या खोपटात गेले, मोतीची टोपली आणायला. खरं सांगते, मला ती दगडावर आपटायची होती.

आत बाई वाकून पाणी घालून राहिल्या होत्या.

त्यांना रिवाज ठाऊकच नव्हता, कुणी सांगितलाच न्हाई. माझ्यामागं सगळा तांडा दारात गोळा झाला. बाईंनी भांडं तसंच धरून आमच्या तोंडाकडं बघितलं.

"माझं काही चुकलं का?"

दादा म्हणाले, "बाई, पोरगी गेली. आता घालायचं नसतं."

बाई म्हणाल्या, "ती म्हणाली, सुकू देऊ नका. कवापर्यंत, ते न्हाई सांगितलं तिनं."

साहेब, बाई बुद्धाला मानतात. नवस न्हाई, अंगारा न्हाई. आमच्या देवाशी त्यांचं काही देणंघेणं न्हाई. आन मी, देवळातून डोकं टेकून आलेली, टोपली फोडायला निघाले होते. माझ्या पोरीनं ज्या भरवशानं गहू पेरला, तो त्या घडीला तांड्यात एकट्या बाईंच्या हातात उरला होता. मी म्हटलं, "घाला बाई. थांबू नका." दादा दारात उभे होते. मागं वळून पोरींना म्हणाले, "ठेवा गं टोपल्या जागच्या जागी."

त्या साली तीज पुरी झाली. शिरवायला पाणी नव्हतं, कोरड्या नदीत वाळू उकरून कोंब ठेवले. मोतीची टोपली नदीवर बाईंनी नेली. पाऊस पुढल्या साली आला. तिच्यामुळं आला असं मी म्हणणार न्हाई, कुणी म्हटलं तर मला राग येतो. पोरगी देऊन पाऊस घ्यायचा हा कुठला सौदा?

मी देवळात जाते, दिवा लावते. त्याच्यावर रुसले न्हाई. पण त्या दिवसापासून त्याच्याकडं काही मागितलं न्हाई. मागायची हिंमतच होईना. तो हाय, हे कळतं. माझ्या खोपटात तो भांडं घेऊन वाकला होता, हे मी बघितलंय. पण मागायला तोंड उघडत न्हाई.

बाई, तुमाला हे पटायचं न्हाई, नका पटवून घेऊ. नुसतं ऐका.

मांडव घालणाऱ्यांचे, चहा करणाऱ्या पोरींचे, भाड्याविना भोंगा देणाऱ्या नरसिंगभाऊंचे आभार. मोठ्यांपुढं तोंड सोडून बोलले, मिराकाकीला चारचौघांत हसवलं, ते माझ्या अडाणीपणाच्या खात्यावर टाका आन सोडून द्या. आन सेवाभाया, इतकी वर्सं तुझ्यापुढं मुक्यानं उभी राहिले, त्याची तूबी माफी दे. आज मागते. ही पोरगी परक्या गावाला चाललीय. तिला एकटी पडू देऊ नको.